चौथ्या पायरीच्या अलीकडचं विज्ञान

प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला 'ब्लास्ट' ही संगणकप्रणाली ठाऊक असते. आपल्या प्रथिनातली अमिनो आम्लांची साखळी तिच्यात टाकायची आणि जगभरच्या साठ्यात तिच्याशी जुळणारी दुसरी साखळी सापडते का ते बघायचं, हे या क्षेत्रातलं रोजचं काम. 1993 साली अमेरिकेत जॉन वूटन आणि स्कॉट फेडरहेन यांनी 'सेग' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. पुढे तो ब्लास्टला जोडला गेला आणि अनेक वर्षं आपोआप चालू असायचा. साखळीत जिथे तीच ती दोनचार अमिनो आम्लं पुन्हा पुन्हा येतात, ते भाग तो झाकून टाकायचा. निकालात त्या जागी एक्स, एक्स, एक्स अशी रांग दिसायची. यामागचं कारण रास्त होतं. असे भाग एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो प्रथिनांशी जुळतात आणि त्या गर्दीत खरं नातं हरवतं. पण झाकलेलं बघायचंच नाही, अशी सवय मात्र त्यातून लागली.

झाकलेल्या त्या भागांना लो-कॉम्प्लेक्सिटी डोमेन, म्हणजे कमी वैविध्याचे भाग, म्हणतात. एएलएस, म्हणजे आपण ज्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतो तो आजार, आणि मेंदूच्या पुढच्या भागाला पोखरणारा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश, या दोन्हींविषयी आज जे काही नेमकं बोलता येतं त्याचा मोठा हिस्सा या भागांच्या अभ्यासातून आलेला आहे. विज्ञानावर खर्च होणारा सरकारी पैसा कशाच्या आधारे वाटायचा, हा प्रश्न आपल्याकडे सध्या ऐरणीवर आहे, आणि मला तो याच संशोधनाच्या उजेडात तपासायचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या दिवसापासून 'याचा उपयोग काय' असं विचारून पैसा दिला, तर असे शोध लागत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, जे शोध लागतात तेही कच्चे राहतात.

आधी हा मामला जरा जवळून बघू. माणसाच्या पेशीतलं एफयूएस हे प्रथिन घ्या. 526 अमिनो आम्लांची साखळी. तिच्या सुरुवातीच्या दोनशेच्या आसपास दुव्यांमध्ये सेरिन, टायरोसिन, ग्लायसिन आणि ग्लुटामिन या चौघांचाच सुळसुळाट. वीस प्रकारची अमिनो आम्लं हाताशी असताना एवढा लांब तुकडा चारपाच प्रकारांवर भागवलेला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी शिकवलं ते असं की प्रथिनाची साखळी ठरावीक घडी घालते आणि त्या घडीवर त्याचं काम ठरतं. या तुकड्याला पक्की घडीच नाही. तो सैल, हलता राहतो. त्यामुळे तो निरुपयोगी शेपूट असावा, असं मानून पुढे जाणं सोपं होतं.

तसं न मानणारे लोक वेगळ्याच वाटेने इथे पोचले, आणि ती वाट यीस्टमधून जाते. 1965 साली ब्रायन कॉक्स या ब्रिटिश संशोधकाला यीस्टच्या वसाहतींमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच जनुकीय ठेवणीच्या काही वसाहती पांढऱ्या, तर काही लाल. हा गुण पुढच्या पिढीत उतरत होता, पण मेंडेलच्या नियमांनी नाही. डीएनएमध्ये कुठे बोट ठेवावं तेच कळेना. बशीतल्या बुरशीचा लाल-पांढरा रंग हा तसा कुणाच्याच उपयोगाचा प्रश्न नव्हता. तरी काही प्रयोगशाळांनी तो सोडला नाही. 1994 साली रीड विकनर यांनी यीस्टमधल्याच दुसऱ्या एका अशाच कोड्यावर काम करताना उत्तर मांडलं की वारसा प्रथिनाच्या आकारातून उतरतो आहे. कॉक्सच्या यीस्टलाही तेच उत्तर लागू पडलं. तिथलं प्रथिन सप35. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात, नव्या रेणूंनाही आपल्यासारखे करून घेतात आणि पेशी दुभंगताना तंतूंचे तुकडे लेकीच्या पेशीत जातात. हे सगळं घडवून आणतो तो सप35चा एक टोकाचा भाग, ग्लुटामिन आणि अ‍ॅस्परजिनने भरलेला, कमी वैविध्याचा.

रंगापासून उत्तरापर्यंत 29 वर्षं लागली.

आपला आकार दुसऱ्या रेणूंना देत पसरणाऱ्या अशा प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. प्रायॉन म्हटलं की बहुतेकांना ब्रिटनमधल्या वेड्या गायींचा रोग आठवतो. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 साली प्रायॉनची कल्पना मांडली ती मेंदूच्या संसर्गजन्य रोगांसाठी, आणि 1997 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. इथे ज्या प्रथिनांविषयी बोलतो आहे ती प्रायॉनसदृश आहेत. सप35सारखा तुकडा त्यांच्यात असतो, आपल्यासारख्यांना गोळा करण्याचा गुण असतो, पण वेड्या गायींच्या रोगासारखा संसर्ग त्यांच्यापासून होत नाही. एएलएसच्या रुग्णाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या घरच्यांना त्या सेवेतून एएलएस होत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा घरांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीचीही भर सोसावी लागू नये.

2009 साली सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने यीस्टची सगळी प्रथिनं चाळून सप35सारखे तुकडे असलेली शंभर प्रथिनं निवडली आणि एकेक तपासून पाहिली. मग तीच पद्धत माणसाच्या प्रथिनांना लावल्यावर सुमारे एक टक्का प्रथिनांमध्ये असे तुकडे निघाले. त्यातली खूपशी आरएनएला धरणारी होती. आणि यादीत एफयूएस होतं, टीडीपी-43 होतं.

टीडीपी-43ची हकिगत तर आपल्या धोरणकर्त्यांनी आवर्जून वाचावी. हे प्रथिन प्रथम 1995 साली नोंदवलं गेलं ते एचआयव्हीच्या अभ्यासात, विषाणूच्या जनुकांना आवर घालणारं प्रथिन म्हणून. मज्जासंस्थेच्या आजारांशी त्याचा संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. अकरा वर्षांनी, 2006 साली, एएलएसच्या मृत रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जे गोळे दिसत ते मुख्यतः याच प्रथिनाचे असल्याचं कळलं. एएलएसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांमध्ये ते सापडतात. पुढे टीडीपी-43मधली जी म्युटेशन्स, म्हणजे जनुकातल्या बदलांनी साखळीत आलेले फरक, आजाराशी जोडली गेली, त्यातली बहुसंख्य त्याच्या शेवटच्या लो-कॉम्प्लेक्सिटी भागात आहेत. 2009 साली एफयूएसचं नाव आलं. 2013 साली एचएनआरएनपीए1 या प्रथिनात एकाच ठिकाणी अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन दुसरं अमिनो आम्ल आलेली कुटुंबं सापडली. बदल एका दुव्याचा, तोही बरोबर प्रायॉनसदृश तुकड्याच्या मध्यात.

पण निरोगी पेशीत हे तुकडे करतात तरी काय? याचं उत्तर एका जंताने दिलं. क्लिफर्ड ब्रँगविन आणि टोनी हायमन यांनी 2009 साली सी. एलेगन्स या जंताच्या बीजपेशींमधले पी-ग्रॅन्यूल्स नावाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते कण घट्ट नव्हते. आमटीवर तेलाचे थेंब फिरतात तसे ते फिरत होते, एकमेकांत मिसळत होते, घरंगळत होते. कुठलंही आवरण नसताना पेशी आपल्यातल्या काही रेणूंना थेंबासारखं बाजूला काढून एकत्र ठेवते, ही कल्पना तिथून रुजली. 2012 साली डॅलसमध्ये स्टीव्हन मॅकनाइट यांच्या गटाला दिसलं की एफयूएसचा तो 'निरुपयोगी' तुकडा पुरेसा दाट झाला की त्याची स्वच्छ जेली होते, आणि त्यातली टायरोसिनं बदलली की जेलीत शिरण्याचा गुण जातो. 2015 साली हायमन यांच्या ड्रेस्डेनमधल्या गटाने दाखवलं की एफयूएसचे ताजे थेंब पातळ असतात, काही तासांनी घट्ट होऊ लागतात, आणि आजाराशी निगडित म्युटेशन असेल तर ही प्रक्रिया वेगाने होते. पेशीला लागणारा गुण आणि पेशीला मारणारा गुण एकाच तुकड्यातून येतो, असं चित्र त्यातून उभं राहिलं. हायमन आणि ब्रँगविन यांना 2023चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

आता आपल्याकडे येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे आणि उद्योगांनी संशोधनात पैसा घालावा हा हेतूही चांगला आहे. पण ही योजना तंत्रज्ञानाच्या सज्जतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांसाठी आहे, आणि पैसा मुख्यतः कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जासारख्या रूपात खासगी क्षेत्राकडे जायचा आहे. नऊ पायऱ्यांच्या या मोजपट्टीवर चौथी पायरी म्हणजे कल्पना प्रयोगशाळेत उतरवून तिचं तंत्र चालतं हे दिसलेलं असणं. लाल-पांढऱ्या यीस्टची पायरी पहिली. कदाचित पहिलीच्याही खालची. जंताच्या बीजपेशीचीही तीच.

त्या पायऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. 2023च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये असा अंदाज तेव्हा दिला गेला, आणि त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि देणगीदार यांच्याकडून, यावेत असं धरलं होतं. उद्योगाने आपल्या पैशाचा उपयोग विचारणं स्वाभाविक आहे, मी त्याला दोष देत नाही. पण म्हणूनच सरकारचा वाटा उपयोग न विचारणारा असायला हवा. आज तसं होत नाही. देशाच्या उत्पन्नाच्या 0.64 टक्के इतकाच खर्च आपण संशोधनावर करतो, आणि तेवढ्यातून पैसा मागताना यीस्टवर काम करणाऱ्या तरुण प्राध्यापिकेलाही प्रस्तावात अल्झायमर, पार्किन्सन नाहीतर कर्करोग यांचं नाव घालावंच लागतं. न घातलं तर समितीतलं कुणीतरी विचारतंच, 'पण देशाला याचा फायदा काय?' ती बिचारी तीन ते पाच वर्षांत औषधाच्या दिशेने 'पहिली पावलं' टाकण्याचं वचन लिहून देते. ते वचन पाळता येणार नाही हे तिला माहीत असतं, आणि समितीलाही.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा तोटा मला पैशापेक्षा खरेपणाचा वाटतो, आणि या क्षेत्राने तो भोगलेला आहे. 2015नंतर थेंबांची लाट आली. प्रयोग दिसायला फार सुंदर. शुद्ध केलेलं एफयूएस लगेच गोळा होऊ नये म्हणून त्याला एक मोठं, विरघळणारं प्रथिन जोडून ठेवतात. मग कापणारं विकर घालून ती जोड तोडायची. काही मिनिटांत पारदर्शक नळी दुधाळ होते. थेंबभर द्रव काचपट्टीवर घेतला की गोल थेंब एकमेकांत मिसळताना दिसतात. व्हिडिओ निघतो, शोधनिबंध निघतो. त्यामागोमाग शेकडो प्रथिनांविषयी 'हेही थेंब बनवतं' असं छापून आलं.

अडचण अशी की नळीत पुरेसं दाट केलं, मीठ कमी केलं किंवा गर्दी वाढवणारा पॉलिमर घातला, तर पुष्कळ प्रथिनं थेंब बनवतात. त्यावरून जिवंत पेशीत तसंच घडतं असं सिद्ध होत नाही. पेशीतल्या कित्येक प्रयोगांत प्रथिन त्याच्या नैसर्गिक प्रमाणाहून कितीतरी जास्त बनवलेलं होतं. चमकणारी खूण लावलेल्या प्रथिनाचा ठिपका गोल दिसला, लेझरने विझवल्यावर पुन्हा उजळला, की तो द्रव आहे असं जाहीर व्हायचं. 1,6-हेक्झेनडायॉल या अल्कोहोलने ठिपके विरघळले तर तो शेवटचा पुरावा. 2019 साली रॉबर्ट टिजान आणि झाव्हिए दारझाक यांच्या गटाने या पुराव्यांचा कठोर आढावा घेतला आणि बरेच दावे पुरेशा आधाराशिवाय केले गेल्याचं मांडलं. 2021 साली आणखी एका गटाने दाखवलं की ते अल्कोहोल पेशीतल्या कायनेज आणि फॉस्फटेज विकरांनाच दुबळं करतं. म्हणजे ठिपके नाहीसे होण्याचं कारण भलतंच असू शकतं.

या घाईला संशोधकांची हाव म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या व्यवस्थेत दर तीन वर्षांनी ठळक निष्कर्ष दाखवावा लागतो आणि त्याला रोगाचं नाव जोडावं लागतं, तिथे नळीतला थेंब मेंदूतल्या गोळ्याशी जोडण्याचा मोह होणारच. नैसर्गिक प्रमाणातल्या प्रथिनावर, जिवंत चेतापेशीत तोच प्रयोग करायला वर्षं लागतात, आणि उत्तर बहुधा 'तसं नाही' किंवा 'थोडंसं तसं' असं येतं. त्याला ना बढती मिळते ना पुढचं अनुदान. उपयोगाचा आग्रह धरून आपण अशा रीतीने उपयोगाचंच नुकसान करतो. कच्च्या दाव्यावर औषधकंपनी उभी राहिली तर पैसा जातो आणि रुग्णाची वर्षं जातात.

रुग्णांचं नाव निघालं आहे तर सगळ्यात अवघड आक्षेपाला उत्तर दिलं पाहिजे. एएलएसचं निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. आधी हाताची पकड जाते किंवा पाय अडखळतो, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते आणि माणूस हे सगळं बघत असतो. 1995 साली रिलुझोल हे औषध आलं, त्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. अशा माणसाच्या बायकोला किंवा मुलाला 'धीर धरा, आम्ही यीस्ट अभ्यासतो आहोत' असं सांगायचं? मला हा प्रश्न टाळता येत नाही. पण खोटं वचन देणं हे त्याचं उत्तर नाही. एएलएसच्या ज्या प्रकाराचं कारण सगळ्यात आधी कळलं, तो एसओडी1 जनुकाचा प्रकार. जनुक सापडलं 1993 साली. त्या जनुकावर नेम धरणाऱ्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली एप्रिल 2023मध्ये. फायदा रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांना. नेमकं कारण हाती असूनही तीस वर्षं लागली. ज्या टीडीपी-43चे गोळे जवळजवळ सगळ्यांमध्ये आहेत, त्याच्याबाबत ते मारक आहेत की पेशी मरू लागल्यानंतरचा परिणाम, प्रथिन गोळ्यात अडकल्याने त्याचं नेहमीचं काम बंद पडतं तेच खरं नुकसान आहे का, यावर अजून वाद आहे. तो वाद घाईने मिटवता येणार नाही. रुग्णाच्या घरच्यांना सरकारने आज द्यायचं ते वेगळं आहे: श्वासाची यंत्रं परवडतील अशी मदत, घरी येणारी परिचारिका, जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान. ते संशोधनाच्या खात्यातून नाही, आरोग्याच्या खात्यातून यायला हवं, आणि त्यासाठी रुग्णसंघटनांच्या बाजूने संशोधकांनीही बोलायला हवं.

क्षयरोगाने इतकी माणसं मरणाऱ्या देशात जंताच्या बीजपेशींवर खर्च कशाला, हाही आक्षेप नेहमीचा. क्षयाचा पैसा यीस्टने खाल्लेला नाही. एकूण ताटच 0.64 टक्क्यांचं आहे, आणि दोघेही त्यात उपाशी आहेत.

हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. मुंबईच्या आयआयटीत समीर माजी यांच्या गटाने 2020 साली दाखवलं की पार्किन्सनशी निगडित अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन तंतू बनण्याआधी थेंबाच्या अवस्थेतून जातं. त्यांनी नळीत पॉलिमर वापरला, आणि तेवढ्यावर न थांबता पेशींमध्येही तपासलं. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, प्रयोगशाळा चालवणारे अमिताभ मजुमदार यांचं त्याआधीचं, कौशिक सी यांच्या अमेरिकेतल्या गटातलं, काम मला फार महत्त्वाचं वाटतं. फळमाशीचं ऑर्ब2 हे प्रथिन प्रायॉनसारखं गोळा होतं. 2012 साली त्यांनी या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल असं बदललं की गोळा होणं कमी व्हावं. प्रियाराधनाच्या कसोटीत त्या नर माश्या शिकल्या, एक दिवस लक्षात ठेवू शकल्या, पण दोन दिवसांनंतर विसरल्या. म्हणजे ज्या गुणाला आपण रोगाची खूण समजत होतो, तोच आठवण टिकवायला लागतो. गोळे विरघळवणारं औषध शोधायला निघालेल्या कुणीही हे आधी वाचलेलं बरं. आणि हे माशीच्या प्रियाराधनाचा अभ्यास करताना कळलं, ज्याचा उपयोग कुठल्याही प्रस्तावात धड लिहिता आला नसता.

म्हणून माझी मागणी एएनआरएफकडे आहे, कारण उद्योगांच्या योजनेला तिचं काम करू द्यावं असं मला वाटतं. एएनआरएफने सरकारी वाट्यातला ठरावीक हिस्सा अशा प्रस्तावांसाठी राखावा ज्यांच्या अर्जात उपयोगाचा रकानाच नसेल. तिथे समितीने प्रश्न नीट मांडला आहे का आणि पद्धत पक्की आहे का, एवढंच बघावं. मुदत आठ ते दहा वर्षांची असावी, अधेमधे तपासणी कडक असावी आणि चुकीच्या वाटेवरून परत फिरण्याची मुभा असावी. दुसरी गोष्ट मला तितकीच निकडीची वाटते. इतरांचे ठळक दावे पुन्हा करून बघणाऱ्या, नैसर्गिक प्रमाणातल्या प्रथिनावर तेच प्रयोग लावणाऱ्या गटांना स्वतंत्र पैसा द्यावा, आणि 'तसं आढळलं नाही' हा निष्कर्षही बढतीच्या वेळी मोजावा. अशा कामाला महागडी यंत्रं नेहमीच लागतात असं नाही. लागतो तो प्रशिक्षित विद्यार्थी, जो चार वर्षं एकाच प्रथिनाशी झुंजेल, आणि त्याची शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडू नये एवढी शिस्त. आपल्या विद्यापीठांतून असे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यातले कितीतरी ड्रेस्डेन किंवा डॅलसची वाट धरतात. 50,000 कोटींचा पहिला पाच वर्षांचा हिशोब 2028 साली पुरा होतो, त्यामुळे पुढच्या पाच वर्षांचे निकष लिहिले जाण्याआधीच वैज्ञानिक संस्थांनी आणि आपल्या खासदारांनी हा राखीव हिस्सा किती असावा याचा आकडा संसदेत मागायला हवा.